ओट्यावरचा उजेड

गेल्या पावसाळ्यात मी लागोपाठ सात शनिवार एकच चित्र काढत होतो. सात बाय आठ फुटांचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून दहा बाय चौदाचा हॉल. ऑफिसात मोठमोठ्या सिस्टिम्सच्या आकृत्या काढणाऱ्या माणसाला हे म्हणजे एका वीकेंडचं काम, असं मला आधी वाटलं होतं. शेवटच्या फाईलचं नाव 'किचन_फायनल_७' होतं, यावरून काय ते समजून घ्या :)

झालं असं, की आमच्या लालबागच्या चाळीचा पुनर्विकास एकदाचा पूर्ण झाला. पाच वर्षं परळला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये काढल्यावर नव्या इमारतीत बाराव्या मजल्यावरच्या घराचा ताबा मिळाला. कार्पेट एरिया ३८० चौरस फूट. (लांबच्या उपनगरात टू बीएचकेवाल्यांनी हसू नये. आमची चाळीतली खोली १८० ची होती.) हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम, आणि आईला ज्याचं सगळ्यात अप्रूप ते घरातल्या घरात संडास-बाथरूम.

मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडायची. ओपन किचन! लॅपटॉपवर थ्रीडी मॉडेल केलं. लाकडी फ्लोअरिंग, टेबलावर लोंबणारे तीन दिवे, बाऊलमध्ये हिरवी सफरचंदं. (आमच्या घरात हिरवी सफरचंदं आजवर कधीही आलेली नाहीत.) आणि एका शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप आईबाबांसमोर ठेवला.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "गणपती कुठे बसणार?"

आई मात्र बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे रे. पण ह्यातली भिंत कुठे गेली?"

"अगं, तीच तर गंमत आहे! भिंत काढली की सगळं मोकळं. तू स्वयंपाक करताना आमच्याशी बोलू शकशील."

"ते तर मी तीस वर्षं करतेच आहे," आई म्हणाली आणि उठून भाजी निवडायला गेली.

मला तो टोला तेव्हा कळलाच नाही. दोन दिवसांनी ऑफिसला जाताना गाडीत लोंबकळत असताना कळला. आमची चाळीतली खोली, अहो, ती ओपन किचनच होती की! दार उघडलं की उजव्या हाताला मोरी, मोरीला लागून तीन फुटांचा कडप्प्याचा ओटा, वर फळीवर डबे, आणि तिथून चार फुटांवर कॉट. पाहुणे कॉटवर बसायचे आणि आई त्यांच्यादेखत फोडणी द्यायची. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आलं तरी सगळ्यांना दिसायचं, आणि दुसऱ्या कशाने आलं तरीही. जेवायचं तिथेच, अभ्यास तिथेच, रात्री गाद्याही तिथेच. जगभरात मासिकांतून ज्याला मोकळेपणा म्हणतात तो आमच्याकडे नाइलाजाने होता आणि भाडं नाममात्र होतं.

मग मी, आमच्या जमातीच्या सवयीप्रमाणे, काम सोडून वाचन सुरू केलं. त्यात मला फ्रँकफर्ट किचन भेटलं. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी हे स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ही आजी म्हणायला हरकत नाही. बाईंनी स्वयंपाक करताना किती पावलं पडतात ती मोजली, आगगाडीच्या डायनिंग कारमधलं चिमुकलं किचन नमुना म्हणून घेतलं आणि तसली सुमारे १०,००० स्वयंपाकघरं त्या शहरात बसली. पण मला थबकायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्याआधी कामगारांच्या घरात रांधणं, राहणं, झोपणं बऱ्याचदा एकाच खोलीत चालायचं. या बाईंनी मुद्दाम मध्ये भिंत घातली. रांधणाऱ्या बाईला स्वतःची जागा मिळावी म्हणून. आणि त्या भिंतीत एक सरकतं दार ठेवलं, बाहेर खेळणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवता यावं म्हणून. आणि हो, छताला रुळावर सरकणारा दिवा, उजेड हवा तिथे ओढून घ्यायला!

त्याच दशकात आपल्याकडे काय चाललं होतं? १९२० मध्ये स्थापन झालेलं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला कामगारांसाठी चाळी बांधत होतं. १६० चौरस फुटांची एक खोली, संडास सगळ्यांत मिळून. त्याच आपल्या बीडीडी चाळी. त्यातल्या वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या त्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे तिकडे ज्या काळात एक बाई पावलं मोजून भिंत घालत होती, त्याच काळात इकडे बांधलेल्या खोल्यांना ती भिंत मिळायला शंभर वर्षं लागली. आणि ती मिळाल्यावर आमच्यासारखी पोरं म्हणतात, पाडा!

असो. एवढं वाचूनही माझा हट्ट काही सुटला नाही, हे कबूल करतो. मी फक्त हिशेब जास्त काटेकोर करायला लागलो.

पहिला प्रश्न, भिंत पाडता तरी येते का? हल्लीच्या बऱ्याच टॉवर्समध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. बोटाने टकटक केलं की भरीव आवाज येतो. ती भिंत इमारतीचं वजन पेलत असते, तिला हात लावायचा नाही. आमच्याकडे नशिबाने मधली भिंत चार इंची ब्लॉकची निघाली. वरची बीम आणि कोपऱ्यातला कॉलम तेवढा काँक्रीटचा. तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून, सोसायटीचं लेखी पत्र घेऊनच पुढे जायचं ठरलं. "अहो, काही होत नाही, दोन घाव आणि भिंत खाली" असं सांगणारा ठेकेदार तुम्हालाही भेटेल. त्याला चहा पाजा आणि रवाना करा.

दुसरा प्रश्न ओट्याचा. सिंकचं सांडपाणी डक्टमधल्या पाइपला उतारानेच जायला हवं, त्यामुळे ओटा पलीकडच्या आठ फुटी भिंतीलाच राहणार, हे इमारतीने आधीच ठरवलेलं. खिडकीपाशी सिंक, मध्ये गॅस, दुसऱ्या टोकाला फ्रीज. या तिन्हींना जोडणाऱ्या रेषांच्या त्रिकोणाचा एक जुना नियम आहे, १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात तयार झालेला. तिन्ही बाजूंची बेरीज साधारण १३ ते २६ फुटांत बसावी. आमची १५ आली. मी खूश! ओट्याची उंची बाजारात सरसकट ३४ इंच देतात. आईची उंची चार फूट अकरा. कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा असावा या हिशेबाने तिला ३२ बरा. दोन इंचांनी काय फरक पडतो असं वाटत असेल तर ३४ इंची ओट्यावर पीठ मळून बघा, खांदे सांगतील.

पण यातच एक गोची होती. ओटा पलीकडच्या भिंतीला, म्हणजे रांधणाऱ्याची पाठ हॉलकडे. माझ्या मॉडेलमधली आई 'आमच्याशी बोलत' होती खरी, पण भिंतीकडे तोंड करून! बाकीचे तिची पाठ बघत बसणार. सिनेमातल्या ओपन किचनमध्ये मधोमध एक आयलंड असतं आणि नायिका त्यावर शिमला मिरची चिरत हसत असते. सात फूट रुंदीत आयलंड म्हणजे आमच्या मोरीत बाथटब.

तिसरा प्रश्न धुराचा. बांगडे तळले की वास शेजारच्या घरात जातो, मग हॉलमधल्या सोफ्याचं काय? सुका बोंबील भाजणाऱ्या घराला ओपन किचनचा सल्ला देणारा आर्किटेक्ट बहुधा सॅलडवर जगत असावा. चिमणी घ्यायची तर पाइप बाहेर काढलेलीच घ्यायची, नुसती हवा गाळून परत खोलीत सोडणारी नको, एवढं ठरलं.

आणि मग दिवे. इथे मला वाटलं होतं, माझी खरी हुशारी दिसणार.

उजेड लक्समध्ये मोजतात. एक चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. खोलीत नुसतं वावरायला शंभर-दीडशे लक्स पुरतो, पण जिथे सुरी चालते तिथे तीनशे ते पाचशे हवा. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं. अगदी अचूक नसतं, पण तुलनेपुरतं चालतं. परळच्या भाड्याच्या घरात मी ते ओट्यावर ठेवून बघितलं. छताच्या मधोमध ट्यूब. ओट्यावर १६०. वाईट नाही म्हटलं. मग आईला म्हटलं, "जरा इथे नेहमीसारखी उभी राहा." आकडा ४० वर आला.

कारण साधं आहे. दिवा खोलीच्या मध्यावर, माणूस दिवा आणि ओट्याच्या मध्ये. म्हणजे आई कायम स्वतःच्या सावलीत चिरते. नंतर मी ओळखीतल्या घरांत सहज बघत गेलो. जवळपास सगळीकडे हेच. हॉलमध्ये फॉल्स सीलिंग, त्यात बारा-बारा दिवे, आणि विळीवर अंधार.

याला उपाय स्वस्त आहे. ओट्याच्या वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी, आणि ती मागे भिंतीला न चिकटवता कपाटाच्या पुढच्या कडेला, दुधी कव्हर असलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत. म्हणजे उजेड हातांवर पडतो, डोळ्यांत जात नाही. रंग ४००० केल्विन, ना पिवळा ना निळसर. त्याहून महत्त्वाचा तो सीआरआय नावाचा आकडा, रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. ९० च्या पुढे असेल तर उत्तम. तांदळातला खडा, फ्लॉवरमधली अळी, पापलेटच्या कल्ल्याचा लाल रंग, हे सगळं त्यावर अवलंबून. एका शनिवारी लोहार चाळीत जाऊन दुकानादुकानांतून दिवे पेटवून बघितले. स्वतःचा तळहात दिव्याखाली धरायचा. हात आजारी दिसला तर पुढचं दुकान. तिथून चालत सी. पी. टँकला जाऊन सरकत्या दारांचे रूळही बघून ठेवले, पण ते बेडरूमच्या कपाटासाठी. भिंत अजून पडणारच होती.

हे सगळं सहाव्या शनिवारपर्यंतचं.

मी अमेरिकेतल्या क्लायंटसाठी काम करतो. रात्रीचे कॉल्स संपवून झोपायला दीड-दोन होतात. परळच्या घरात मी बाहेरच्या खोलीत झोपायचो आणि आतल्या स्वयंपाकघराला दार नव्हतं. त्या रविवारी पहाटे तहान लागली म्हणून जाग आली. पावणेसहा. आत कसलातरी पांढरा उजेड हलताना दिसला. बघतो तर आई दुधी चिरत होती. ट्यूब बंद. मिठाच्या बरणीला मोबाईल टेकवून ठेवलेला, त्याचा टॉर्च चालू, आणि त्याचं तोंड असं वळवलेलं की उजेड माझ्या अंथरुणावर येऊ नये.

"अगं, लाईट लाव ना!"

"झोप तू. दोनला तर झोपलायस."

"रोज असंच करतेस?"

"रोज नाही रे. तुझे कॉल असतात तेव्हाच." म्हणजे आठवड्यातून पाच दिवस. मग ती हसून म्हणाली, "मला सवय आहे. तुझे बाबा रात्रपाळीला होते तेव्हा कुठे दिवा लावत होते मी?"

बाबा एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात होते. पहाटे चारला घरी यायचे, अकरापर्यंत झोपायचे. माझी शाळा सातची. एकशे ऐंशी फुटांच्या खोलीत एकच ट्यूब, कॉटच्या बरोबर वर. ती लावायची सोयच नव्हती. गॅलरीतला सार्वजनिक दिवा दाराच्या फटीतून जेवढा आत येई तेवढ्यावर आईने माझे दहा वर्षांचे डबे केले. मोहरी तडतडली हे आवाजावरून, भाकरी झाली हे वासावरून, मीठ बोटांवरून. तिच्या मनगटावर भाजल्याचा एक लांबट डाग आहे. लहानपणापासून बघतोय. तो कसा पडला हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या पहाटेही विचारलं नाही, पण आता विचारायची गरज उरली नव्हती.

पाणी पिऊन परत आडवा झालो, झोप काही आली नाही. नव्या घरात बेडरूम आईबाबांना द्यायची हे ठरलेलं होतं. म्हणजे हॉलमध्ये झोपणार मी. आणि मी भिंत पाडायला निघालो होतो! माझं मॉडेल संध्याकाळी आठचं होतं. सगळे जागे, टेबलावर दिवे, सफरचंदं वगैरे. पहाटे पावणेसहाचं चित्र मी काढलंच नव्हतं. ते काढलं असतं तर आई त्यात पुन्हा टॉर्च घेऊन उभी दिसली असती. रात्रपाळी बाबांकडून माझ्याकडे आली होती, एवढाच बदल. ऑफिसात नव्या पोरांना मी सांगत असतो, आधी वापरणाऱ्याला विचारा, मग डिझाईन करा. सहा शनिवारांत आईची उंची मोजली, कोपर मोजलं, सावली मोजली. विचारलं मात्र नव्हतं.

मग विचारलं. "तुला नक्की काय हवंय?"

तिने वेळ घेतला नाही. "भिंत ठेव नाहीतर पाड, मला काही नाही. मला एक बटण हवं. ते लावल्यावर कोणाची झोप मोडायला नको."

सातव्या शनिवारी काढलेलं चित्र हे असं: भिंत साडेतीन फुटांपर्यंत तशीच राहिली. त्यावरचा साडेपाच फूट लांबीचा भाग उघडला आणि तिथे दुधी काचेच्या दोन सरकत्या झडपा बसवल्या. बाजूच्या दारालाही तसंच सरकतं दार. सी. पी. टँकचे रूळ शेवटी इथे कामाला आले. त्या अर्ध्या भिंतीला आतून पंधरा इंच रुंद फळी. तिथे आई हॉलकडे तोंड करून चिरते, निवडते, मळते. ओटा आणि फळीच्या मध्ये ४५ इंच मोकळे राहतात, दोघं एकमेकांना न धडकता वावरतात. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला घडीचं टेबल, चार फूट बाय अडीच. बाबांचे गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत. गणपतीत टेबल मिटलं की तो कोपरा मखराला मोकळा, आणि तिथे माळांसाठी एक जादा सॉकेट. टेबलावर भिंतीतून पुढे येणारा एक दिवा, ३००० केल्विनचा, उबदार. छतातून लोंबणारा घेतला नाही, कारण टेबल मिटल्यावर तो डोक्याला लागला असता. (भिंतीतलाही लागतो. बाबांना दोनदा लागला आहे. तो इंचभर वर घ्यायचा राहिलाय.)

आणि ओट्यावरची पट्टी. तिची वायर वेगळी, बटण वेगळं, आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला, आईच्या खांद्याच्या उंचीवर. वायरमन म्हणाला, "एवढ्याश्या किचनला तीन-तीन बटणं कशाला? एकावर घेऊन टाकू." त्याला म्हटलं, बाकी काय हवं ते एकावर घे, हे एक सोड.

राहायला येऊन आता तीन महिने झाले. सगळं उत्तम आहे असं नाही. समोरची विंग इतकी जवळ आहे की खिडकीतून दिवसाही फारसा उजेड येत नाही, ओट्यावरचा दिवा दुपारीही लागतो. दुधी काचेवर तेलाचा थर बसतो, ती दर रविवारी मी पुसतो. झडपा संध्याकाळी उघड्या असतात, रात्री कॉल संपला की झोपण्याआधी मीच ओढून घेतो.

तुमच्यापैकी कोणी घर लावायला घेतलं असेल तर एकच सांगतो. दिव्यांची जागा ठरवण्याआधी, घरात सगळ्यात आधी जे उठतं त्याच्याबरोबर एक दिवस उठा आणि ते माणूस कुठल्या उजेडात उभं आहे ते बघा. बाकीचे हिशेब कोणीही करून देतं.

परवा ओट्यावर मोबाईल ठेवून पुन्हा मोजलं. आई समोर उभी असतानाही ४५०. तिला आकडा दाखवला. विचारलं, "आता दिसतं ना नीट?"

"दिसतं की," आई म्हणाली. "पण मोहरी मला अजून कानानेच कळते."